मातेच्या अंगणातला पोवाडा

पोवाडा चार भिंतींत ऐकू नये. तो उघड्यावर, माणसांच्या दाटीतच ऐकावा. म्हणून १२ जानेवारीस, जिजाऊंच्या जयंतीला, आम्ही चौघे मित्र भल्या पहाटे सिंदखेडराजास निघालो. लखुजी जाधवांचा वाडा पाहिला आणि मंडपाबाहेर उन्हातच बैठक मारली. शिदोरीला भाकरी नि ठेचा, कानांना दिवसभर डफ नि तुणतुणे!

शाहिरांचे आवाज खडे होते, झीलकरीही तयारीचे. तरी दुपारपर्यंत माझे मन खट्टू झाले. जो तो रणांगणच गाजवीत होता. जिच्या माहेरी आम्ही बसलो होतो, ती माउली मात्र एका कडव्यात उरकली जाई.

"अरे, पोवाडा म्हणजे वीररसच!" एक मित्र म्हणाला.

मला हे पटेना. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत जुन्यात जुना मानतात. खानाचा वध १६५९ चा. त्या पोवाड्यात भेटीला निघालेला पुत्र आईचा निरोप घेतो, आणि आई त्याला बुद्धीने वागावयास नि थोरल्या संभाजीचे उट्टे काढावयास सांगते. पुढचा सारा आवेश या निरोपातून उसळतो. तो गाळला की उरतो नुसता आरडाओरडा.

सायंकाळी एका वृद्ध शाहिराने डफ हलका केला आणि नेमका हाच प्रसंग आळविला. मैदान चिडीचूप झाले. परतीच्या वाटेवर माझ्या मित्राने वाद घातला नाही.