बर्नाडेट : नावातील लहानपण

आपल्या धर्मग्रामांतील स्नानसंस्काराच्या नोंदवह्या चाळल्या तर अँटोनेट, जॅनेट, बर्नाडेट अशी नावे भेटतात. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांच्या शेवटी असलेल्या 'एट'कडे कोणाचे लक्ष जात नाही. हा मूळचा फ्रेंच प्रत्यय. शब्दाला स्त्रीलिंगी करणे आणि त्याला लहान करणे अशी दोन कामे तो एकदम करतो. 'सिगार'ची 'सिगारेट' त्यानेच केली; पेटी या अर्थाच्या शब्दाची 'कॅसेट'ही त्याच घडणीची. मराठीला ही रीत परकी नाही. टोपला-टोपली, सुरा-सुरी, दोर-दोरी या जोड्यांत स्त्रीत्व आणि लहानपण एकाच ईकारात सामावलेले असते. वस्तूंच्या बाबतीत त्यात कोणाचे काही बिघडत नाही. नाव माणसाचे असले की मात्र प्रश्न उभा राहतो, आणि संत बर्नाडेटविषयी आपण जे लिहितो व बोलतो त्यात तो विचारलाच जात नाही.

'बर्नार्ड' हे जर्मानिक कुळातील नाव. त्याच्या पूर्वार्धात अस्वल आहे आणि उत्तरार्धात कणखरपणा. त्याचे स्त्रीरूपही आपण 'बर्नार्ड' असेच लिहितो; फ्रेंच लेखनात मात्र त्यात एक अक्षर अधिक येते आणि उच्चारही बदलतो. आणि त्याचे लाडके रूप 'बर्नाडेट'. म्हणजे नावाच्या पोटात अस्वलाची हिंमत, शेवटी लाडाचा प्रत्यय. आपली प्रवचने आणि चरित्रपुस्तिका या शेवटाला धरून बसतात. मग 'भोळी', 'अडाणी', 'बिचारी पोर' ही विशेषणे ओघाने येतात. दारिद्र्य, दमा, अवघी एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंची हे सारे खरेच आहे. परंतु २१ फेब्रुवारी १८५८ रोजी लूर्दचे पोलीस अधिकारी झाकोमे यांनी तिची जबानी घेऊन ती फिरवून वाचून दाखविली, तेव्हा या चौदा वर्षांच्या मुलीने त्यांच्या चुका त्यांच्या तोंडावर दाखविल्या. हे काम प्रत्ययाचे नव्हे, मूळ धातूचे आहे.

फ्रान्झ वेर्फेल या ज्यू लेखकाला ही बाब आपल्यापेक्षा अधिक उमगली होती, असे मला वाटते. नाझींपासून पळताना १९४० साली त्याला लूर्दमध्ये आश्रय मिळाला आणि १९४१ साली बर्नाडेटवरील त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात भाविकपणाचा पसारा थोडा जास्त आहे. तथापि त्याची नायिका कोणाच्या दयेवर उभी नाही.

प्रत्यय लहान करतो तो कधी मायेने, कधी कुचेष्टेने. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांना १९०६ साली 'डेली मेल'ने 'सफ्रजेट' म्हणून हिणवले, ते या प्रत्ययाच्याच आधारे. त्या स्त्रियांनी तेच नाव अभिमानाने मिरविले, ही गोष्ट वेगळी. आईने लेकीला 'सोनुली' म्हणावे आणि सावकाराने कुळाच्या बायकोला 'ए पोरी' म्हणावे, यांत शब्द लहान आहेत म्हणून भाव एक ठरत नाही.

लूर्दच्या प्रसंगात याचा निवाडा खुद्द पवित्र मरियेच्या बोलण्यात आहे. १८ फेब्रुवारीच्या दर्शनात तिने बर्नाडेटला पंधरा दिवस तेथे येण्याची विनंती केली, तीही मुलीच्या गास्कन बोलीत आणि आदरार्थी संबोधन वापरून. गरीब घरच्या पोरीला अशा मानाची सवय कोठून असणार? बर्नाडेटने ही गोष्ट पुढे आवर्जून सांगितली. फ्रेंचमध्ये हा भेद 'त्यू' आणि 'व्हू' यांनी दाखविता येतो. इंग्रजीत तो पुसला जातो, आणि आपले बरेचसे भाषांतर इंग्रजीतून होत असल्याने मराठीत 'तू येशील का?' असे उतरते. ज्या भाषेजवळ 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत, तिने सर्वांत खालची पायरी निवडावी, हे दारिद्र्य भाषेचे नव्हे, भाषांतरकाराचे आहे.

स्नानसंस्काराच्या वेळी तिचे नाव मरी-बर्नार्ड ठेवले होते. तिची मावशी बर्नार्ड हीच तिची धर्ममाता. १८६६ साली नव्हेर येथील मठात व्रतवस्त्र स्वीकारताना तिला सिस्टर मरी-बर्नार्ड हे नाव मिळाले, म्हणजे लाडाचा प्रत्यय गळून ती आपल्या मूळ नावाकडे परतली. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, ती त्याच नावाने निवर्तली. ८ डिसेंबर १९३३ रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद दिले, आणि लोकांच्या ओठी मात्र 'बर्नाडेट'च राहिली. ते राहावे, माझी तक्रार नावाविषयी नाही. आपल्या चरित्रपुस्तिकांची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा 'बिचारी' हे विशेषण वगळावे आणि गुहेतील त्या एका वाक्यात 'आपण' हे सर्वनाम घालावे, एवढीच संपादकांना विनंती.