रोगजंतु आणि लढाईचें रूपक

रोगजंतूंविषयीं मराठींत जें लोकसुलभ लिहिलें जातें, त्यांत एक रूपक हटकून येतें: शरीर हा किल्ला, जंतु हे शत्रु आणि रक्तांतील श्वेतपेशी ह्या पहारेकरी. हें रूपक अगदींच निराधार नाहीं. १८८२ सालीं मेसिना येथें मेच्निकोव्हनें तारामाशाच्या पारदर्शक पिलांत कांटा खुपसला आणि त्याभोंवतीं जमलेल्या भक्षक पेशी पाहिल्या. तेथें या कल्पनेस शास्त्राचा आधार मिळाला.

परंतु ज्या प्लेगनें पुणें ओस पाडलें, त्याच्या जंतूपुढें हें रूपक टिकत नाहीं. पिसवेच्या अंगांत या जंतूवर संरक्षक आवरण नसतें. तो माणसाच्या अंगांत शिरला कीं भक्षक पेशी त्याला गिळतात. पण त्यांतील कांहीं पेशींत तो मरत नाहीं, उलट तेथेंच वाढतो. शरीराच्या ३७ अंशांच्या उबेनें त्यावर आवरण चढतें. मग तो बाहेर पडून दुसऱ्या पेशींना चिकटतो, सुईसारख्या अवयवानें त्यांत प्रथिनें टोचतो, आणि त्यांची गिळण्याची शक्तीच लुळी पडते. पुढें जांघेंत किंवा काखेंत गांठ येते.

येथें किल्ल्यापेक्षां गुलटेकडीच्या मार्केट यार्डाची उपमा अधिक जुळते. बाजाराचें काम माल अडविणें नव्हे, तो गाळ्यापर्यंत पोंचविणें हें आहे. पोत्यांत दडून उंदीर आंत गेला, तर हमाल फितूर झाला असें कोणी म्हणत नाहीं. त्यानें नेहमींप्रमाणें ओझें वाहिलेलें असतें. अर्थात् हीही उपमाच. पण तींत पेशीच्या माथीं भ्याडपणा येत नाहीं.

हा वाद केवळ अलंकाराचा नव्हे. रोगाशीं युद्ध म्हणतां म्हणतां रोगीच शत्रु ठरतो, हें पुण्यानें अनुभवलें आहे. १८९७ सालीं रँडच्या प्लेग कमिटीच्या हुकुमानें गोरे सोजीर घराघरांत शिरले आणि माणसें हुडकूं लागले. रोग पिसवांवाटे पसरतो, हें सिमाँनें कराचींत दाखविलें तें पुढच्या वर्षीं, १८९८ सालीं. आजही घरांत कोणी दगावलें, तर ‘प्रतिकारशक्तिच कमी पडली’ असें सहज म्हटलें जातें, आणि मृताच्या पदरीं पराभव बांधला जातो. जंतु नेमकें काय करतो हें साध्या शब्दांत सांगणारा लेखक त्या घराचें दुःख हलकें करूं शकणार नाहीं. निदान त्यांत दोषाची भर तरी घालणार नाहीं.