रोडगा आणि सल्ला

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट कीर्तनात रंगते ती भजनाच्या तंद्रीत त्यांच्याच पायांखाली तुडवलेल्या लेकरापाशी. मंडप रडतो. पुढचा संसाराचा भाग बुवा घाईत उरकतात, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथंच आहे. रागानं धावून आलेल्या नवऱ्याला बायकोनं, संतीनं, विठ्ठलाची आण घातली, मला हात लावायचा नाही. गोरोबांनी ती अक्षरशः पाळली. मग वंशासाठी तिनंच धाकट्या बहिणीला, रामीला, सवत करून आणलं. सासऱ्यानं जावयाला बजावलं, दोघींना सारखं वागवा. त्यांनी तेही पाळलं. दोघींनाही हात लावला नाही! बिघडलेल्या संसारात नवऱ्याला सल्ला मिळाल्याचा हा दुर्मीळ प्रसंग, आणि त्याचं हे असं झालं.

एरवी सल्ला बाईलाच. ‘नांद’ म्हटलं की आईचा, मावशीचा, पंचांचा उपदेश संपला.

म्हणूनच आपल्याकडं या विषयावरचं उपदेशाचं वाङ्मय दुबळं आणि तक्रारीचं कसदार. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनकाळातली मोठी पेठ. त्याच सातवाहनांच्या हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक सून मुक्कामी आलेल्या वाटसरूला सासू कुठं निजते, आपण कुठं निजतो ते नीट दाखवते आणि वर दटावते, रात्री आमच्या अंथरुणावर धडपडू नकोस. नकाराच्या सुरात आमंत्रण. गाथाकार तिला ना शिक्षा करतो ना शहाणपण शिकवतो.

छापखाना आला आणि हा मोकळेपणा आटला. बायकांच्या कपटाच्या कहाण्या सांगणारी ‘स्त्रीचरित्र’ छापाची पुस्तकं निघाली. त्यांना १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून झोडपलं. बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण घेऊन त्या तोच पुरुषाच्या पदरात टाकतात. हा सल्ला नव्हे, उलटतपासणी आहे. तरी त्या काळच्या उपदेशाच्या गठ्ठ्यात आज वाचवतं ते हेच.

खरा सल्लागार एकच झाला, र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना ते वाचकांच्या खाजगी प्रश्नांना रोखठोक उत्तरं देत. पुरुषाला जी मोकळीक तीच बाईला, हे त्यांचं गणित. व्यभिचारावरच्या लेखापायी १९३१ मध्ये खटला, शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. वकील होते डॉ. आंबेडकर. तरीही दंड झालाच. कर्व्यांचं गद्य कोरडं, कधी कधी तर औषधाच्या चिठ्ठीसारखं. पण विचारणाऱ्याला त्यांनी कधी लाजवलं नाही. आजच्या पुरवण्यांतलं ‘संवाद वाढवा’ त्यापुढं पुचाट वाटतं.

कायद्याचा आधार आणखी उशिरा आला. मुंबई प्रांताचा १९४७ चा घटस्फोट कायदा बार्शीपर्यंत येऊन थांबला. पलीकडं, तेरच्या बाजूला, निजामाचा मुलूख. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा.

राहिलं ते एकनाथांचं रोडग्याचं भारूड. सासरा, सासू, नणंद, शेवटी नवराही नको, मला एकटीला राहू दे, म्हणून भवानीला रोडगा बोलणारी बाई. तुळजापूरच्या मुलखात तिची देवी लांबची नाही. लुगडं नेसलेला सोंगाड्या एकेकाचं नाव घेतो तशा बाया पदर तोंडाला लावून हसतात. मग बुवा अर्थ लावायला घेतात, सासू म्हणजे अमुक विकार, नणंद म्हणजे तमुक. मी पाहिलंय, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या बाया चपला शोधायला लागतात.