ग्लामेगवरची पंचावन्न मिनिटं

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर डोंगरात धावणाऱ्या कुणाशीही दहा मिनिटं गप्पा मारल्या, की एक किस्सा ऐकायला मिळतोच. साल १८९९. मेजर चार्ल्स ब्रूस हा ब्रिटिश लष्करी अधिकारी बेटावर गिर्यारोहणाला आला होता. सोबत त्याने हरकबीर थापा या गुरखा हवालदाराला आणलं होतं. स्लिगाखनच्या हॉटेलासमोर ग्लामेग हा ७७५ मीटर उंचीचा, शंकूसारखा डोंगर उभा आहे. हरकबीर हॉटेलपासून धावत निघाला आणि माथ्याला शिवून सव्वा तासात परतला. तिथल्या जमीनदाराला ते पटेना. मग हरकबीर पुन्हा धावला, या वेळी पंचावन्न मिनिटांत. अनवाणी. ती वेळ ऐंशीहून जास्त वर्षं कुणाला मोडता आली नाही. आता तिथे दर जुलैत शर्यत होते.

मी स्वतः हा किस्सा पुण्यात आमच्या रविवारच्या सिंहगड ग्रुपमध्ये कैक वेळा सांगितला आहे. 'अनवाणी' हा शब्द शेवटाला ठेवायचा आणि त्याआधी जरा थांबायचं, हेही मला जमलं होतं. पुढे नोकरीमुळे दीड वर्ष एडिनबरात होतो, तेव्हा एकदा ग्लामेगला जाऊन आलो. त्यानंतर मात्र तो तसा सांगवेना.

आधी किश्शाची क्रियापदं बघा. ब्रूस आणतो, जमीनदार शंका घेतो, पुन्हा खातरजमा करायची असं ठरतं. हरकबीर फक्त धावतो. त्याला काय वाटलं, त्याला कुणी विचारलं का, दुसऱ्यांदा धावायचं नाही असं म्हणायची त्याला मुभा होती का, यातलं काहीच नाही. त्याच्या वाट्याला एक नाव, एक हुद्दा आणि दोन पाय आले आहेत. तो हुद्दा मात्र मला तिथे थबकवून गेला. इंग्रजी मजकुरात अचानक 'हवालदार' भेटतो, आणि आपल्या डोळ्यांसमोर नाक्यावरचा माणूस येतो.

मग तो 'अनवाणी'. हा शब्द सगळं निसर्गावर ढकलून मोकळा होतो. डोंगरातला माणूस, धावणारच. माशाच्या पोहण्याचं कुणी कौतुक करत नाही, त्यातलाच हा प्रकार. हरकबीर १८९२ साली मार्टिन कॉनवेच्या काराकोरम मोहिमेत होता. मत्तियास झुर्ब्रिगेनसारख्या युरोपातल्या नावाजलेल्या वाटाड्याबरोबर तो हिमनद्यांवर वावरला होता. ब्रूसने आपल्या पाचव्या गुरखा पलटणीत डोंगर चढण्या-उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या होत्या. त्यांना 'खड रेस' म्हणत, आपल्या 'खड्ड'मधला तो खड. म्हणजे स्लिगाखनला उभा होता तो हिमालयात कसलेला गिर्यारोहक, आणि डोंगर-शर्यतींच्या तालमीतल्या पलटणीतला. ब्रूसबद्दल हे तपशील लोकांना ठाऊक असतात, पुढे १९२२ आणि १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमांचा तो नेता होता हेही. हरकबीरचं काराकोरम मात्र किश्शात येत नाही. आलं तर चमत्कार थोडा कमी होतो ना.

बेटांवरच्या ट्रेल रनिंगचे जे माहितीपट हल्ली निघतात, त्यांच्यातही मला हीच खोड दिसते. ड्रोन वर जातो, काळा कडा, खाली समुद्र, मध्ये एक रंगीत जॅकेट. निवेदनात 'अस्पर्श', 'आदिम', 'निर्मनुष्य'. चित्रण बहुतेकदा अप्रतिम असतं, ते मी नाकारत नाही. मीही तेच बघून शूज विकत घेतले आहेत. पण स्काय निर्मनुष्य आपोआप झालेलं नाही. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर बोरेरेग आणि सुइस्निश ही गावं १८५०च्या दशकात मेंढ्यांसाठी उठवली गेली. आज स्काय ट्रेल नावाची १२८ किलोमीटरची वाट त्या घरांच्या जोत्यांवरून जाते. पडद्यावर ती जोती छान दिसतात, एवढंच.

ग्लामेगच्या माथ्यावरून खाली खाडी दिसते आणि पलीकडे बेन ली नावाची एक बसकी टेकडी. तिच्यात बघण्यासारखं काही नाही. पण याच टेकडीवरच्या चराईसाठी ब्रेज गावच्या कुळांनी खंड थांबवला, नोटिसा जाळल्या, आणि एप्रिल १८८२मध्ये ग्लासगोहून आणलेल्या पन्नासेक पोलिसांवर बायकांसकट गाव दगड घेऊन धावून गेलं. त्या धामधुमीतून चौकशी आयोग आला आणि १८८६ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. हरकबीर धावला तो त्यानंतर तेरा वर्षांनी. बेटावरच्या जमीनदाराच्या शब्दाला किती वजन होतं, ते यावरून कळतं. त्याने 'पटत नाही' म्हटलं, म्हणून एका माणसाला तो डोंगर पुन्हा धावावा लागला.

(आपण वेगळे आहोत असं नाही. सह्याद्रीतल्या शर्यतींचे व्हिडिओ आठवा. धनगरवाडा वरून सुंदर दिसतो, आणि तिथला माणूस पाण्याच्या टेबलामागे निनावी उभा असतो.)

आता डोंगराबद्दल. सुरुवातीला ओलं रान आहे, पाय घोट्यापर्यंत आत जातो. मग उतार एकदम अंगावर येतो, आणि वरच्या भागात ग्रॅनाइटचा मोकळा चुरा. आपण ट्रेकमध्ये ज्याला घसारा म्हणतो, तोच, फक्त न संपणारा. पंचावन्नपैकी सदतीस मिनिटं चढायला आणि अठरा उतरायला लागली असं सांगतात. चढण मी समजू शकतो, ती फुप्फुसांची गोष्ट आहे. पण त्या घसाऱ्यावरून अठरा मिनिटांत खाली यायचं, तर पुढची सात-आठ पावलं आधीच वाचलेली असावी लागतात. मला जाऊन यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. चांगल्या ग्रिपचे शूज होते, मनगटावर नकाशा होता, आणि तरीही उतरताना मी दोनदा बसलो.

म्हणून मला आता ती मधली वीस मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात. सव्वा तास आणि पंचावन्न मिनिटं यांतला फरक किश्शाला फक्त जमीनदाराचं तोंड बंद करण्यापुरता हवा असतो. पण नवख्या डोंगरावर पहिली धाव वाट शोधण्यातच जाते, हे धावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दलदल कुठून टाळायची, घसाऱ्याचा कोणता पट्टा पाय धरतो, कोणता वाहून नेतो. तेच पाय दुसऱ्यांदा वीस मिनिटं आधी परत येतात, तेव्हा मधल्या काळात कुणीतरी विचार केलेला असतो. त्याची इतकी स्पष्ट नोंद त्याच्याबद्दलच्या दुसऱ्या कुठल्याच वाक्यात मला सापडत नाही, आणि ती आकड्यांत आहे.

गेल्या महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी एका नव्या मुलाने मला तो किस्सा सांगायला लावला. मी काराकोरमपासून सुरुवात केली, बेन लीही आणली. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "दादा, पण तो अनवाणी धावला होता ना?" हो, म्हटलं, धावला होता.