विमानतळ सरकारी की खासगी? प्रश्नच अपुरा आहे

नागपूरच्या विमानतळाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, खासगीला द्या, कामं पटापट होतील. दुसरा म्हणतो, सरकारी जमीन आहे, फुकटात का द्यायची? दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: मालक कोण ते कळलं की विमानतळ कसा चालेल तेही कळतं. हे गृहीतक आकड्यांवर तपासणारा एक शोधनिबंध आज वाचूया. त्याला जे जमलं नाही तेही बघूया, कारण आपला नागपूर नेमका तिथेच अडकला होता.

निबंध २००६ सालचा, ‘जर्नल ऑफ एअर ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट’मधला. लेखक ताए हून ऊम, निकोल अ‍ॅडलर आणि चुनयान यू. त्यांनी आशिया-पॅसिफिक, युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांची २००१ ते २००३ ची माहिती घेतली आणि मालकीच्या प्रकारांनुसार कार्यक्षमतेची तुलना केली.

हे प्रकार देशोदेशी खूप वेगळे आहेत. ब्रिटनने १९८७ मध्ये अख्खी विमानतळ कंपनीच शेअर बाजारात विकली. अमेरिकेत बहुतेक मोठे विमानतळ अजूनही शहरांचे, काउंटींचे किंवा स्वतंत्र प्राधिकरणांचे आहेत. कॅनडाने १९९४ च्या धोरणानंतर जमीन केंद्राकडे ठेवली आणि कारभार ना-नफा स्थानिक प्राधिकरणांना भाड्याने दिला. जर्मनीत फ्रँकफर्टच्या कंपनीत राज्य, शहर आणि शेअर बाजार असे तिघेही भागीदार आहेत.

निष्कर्ष काय?

पहिला निष्कर्ष दोन्ही तटांची पंचाईत करणारा आहे. पूर्ण सरकारी महामंडळं किंवा अमेरिकेतले सरकारी विमानतळ हे खासगी बहुमताच्या विमानतळांपेक्षा कमी कार्यक्षम आहेत, याचा ठोस पुरावा मिळाला नाही. दुसरा निष्कर्ष नागपूरकरांनी दोनदा वाचावा असा आहे. सरकारी बहुमत असलेल्या मिश्र कंपन्या आणि एकापेक्षा जास्त पातळ्यांवरची सरकारं मिळून चालवतात ते विमानतळ, हे दोन्ही प्रकार स्पष्टपणे मागे पडले.

आता आपल्याकडे बघा. आपला विमानतळ २००९ पासून मिहान इंडिया लिमिटेडकडे होता. तिच्यात ५१ टक्के वाटा राज्याच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा, ४९ टक्के केंद्राच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. म्हणजे दोन पातळ्यांवरची सरकारं एकाच कंपनीत. एका खुर्चीवर दोघं बसले की उठायचं कोणी यावरूनच वाद होतो, तसं काहीसं.

इथे थांबलो तर खासगीकरणवाले खूश होतील. पण निबंधाच्या मर्यादाही बघायला हव्यात. मला तीन दिसतात.

मोजपट्टीतून धावपट्टीच गळते

कार्यक्षमता म्हणजे ढोबळमानाने ‘काय मिळालं भागिले काय घातलं’. मिळालं या बाजूला प्रवासी, विमानांची ये-जा, दुकानं-पार्किंगचं उत्पन्न. घातलं या बाजूला कर्मचारी आणि रोजचे इतर खर्च. धावपट्टी आणि टर्मिनलवरची भांडवली गुंतवणूक बाजूला ठेवलेली आहे. कारण प्रामाणिक आहे: हे आकडे देशोदेशी तुलनेत बसत नाहीत. पण त्यामुळे दुरुस्ती आणि विस्तार लांबणीवर टाकणारा विमानतळ या मोजपट्टीवर काही वर्षं छान दिसू शकतो. नागपुरात धावपट्टीच्या नव्या थराचं काम रेंगाळलं, दिवसाची उड्डाणं कित्येक महिने बंद राहिली. अशा दुखण्याचं मूळ या भागाकारात आधी दिसत नाही.

शिक्का एक, करार वेगळे

ब्रिटनच्या त्या कंपनीकडे लंडनचे तीन मोठे विमानतळ होते. २००९ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने त्यांतले दोन विकायला लावले. आधी मालक खासगी होता, आणि त्यांतल्या एकाचा तरी नंतरही खासगीच राहिला. फरक पडला तो स्पर्धेचा, आणि मालकीच्या रकान्यात तो उमटत नाही.

भारतातही तसंच. दिल्ली-मुंबई २००६ मध्ये एकूण उत्पन्नातल्या वाट्यावर दिले गेले: दिल्ली ४५.९९ टक्के, मुंबई ३८.७ टक्के. २०१९ च्या लिलावात निकष बदलून दर प्रवासी रक्कम झाला. अहमदाबादसाठी १७७ रुपये, मंगळुरूसाठी ११५. शिक्का दोन्हीकडे ‘खासगी’. पण उत्पन्नाचा वाटा देणारा कमाईच्या प्रत्येक रुपयावर सरकारला देतो, तर डोक्यामागे पैसे देणाऱ्याने दुकानातून जास्त कमावलं तर तो भाग त्याच्याकडेच राहतो. वागणं वेगळंच होणार.

अधांतरी वर्षांचा रकाना नाही

ही सगळ्यात मोठी उणीव. निबंधात प्रत्येक विमानतळाला एक मालकीप्रकार आहे. नागपूर मात्र बरीच वर्षं धड इकडे नव्हता, धड तिकडे नव्हता. जीएमआरने आधी ५.७६ टक्के वाटा देऊ केला, वाटाघाटीनंतर १४.४९ टक्के. मार्च २०१९ मध्ये निवडीचं पत्र मिळालं. मार्च २०२० मध्ये निविदाच रद्द. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने हा रद्द करण्याचा निर्णयच रद्दबातल ठरवला, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. मग फेरविचार, मग क्युरेटिव्ह याचिका. सप्टेंबर २०२४ मध्ये तीही मिटली आणि ऑक्टोबरमध्ये करारावर सह्या झाल्या.

पत्रापासून सहीपर्यंत साडेपाच वर्षं. उद्या विमानतळ आपल्याकडे राहणार नाही असं ज्याला वाटतं तो मोठा पैसा घालायला कचरतो, आणि ज्याला मिळणार आहे त्याला हात लावता येत नाही. म्हणजे सुधारणेलाही किंमत असते आणि ती मालकीच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ च्या मधे दडलेली असते. तीन वर्षांच्या माहितीत ती पकडता येणं कठीणच होतं. पण धोरण ठरवणारे याच निबंधांचा आधार घेतात, म्हणून हे सांगायला हवं.

मग निबंध टाकून द्यायचा का? अजिबात नाही. ‘सरकारी म्हणजे ढिसाळ’ हा समज त्याने आकड्यांनी हलवला, हे मोठं काम आहे. फक्त पुढच्या वेळी कुणी विमानतळाच्या मालकीवरून वाद घालायला लागलं, तर तुम्ही तीन प्रश्न विचारा. भांडवली खर्च कोण करणार आणि कधीपर्यंत? पैसे कशावर मोजून द्यायचे? आणि हस्तांतर रखडलं तर मधल्या काळात जबाबदार कोण? तिसऱ्याचं उत्तर करारात लिहिलेलं नसेल, तर मालक कुणीही असो, रांगेत आपणच उभे असणार.