कमांड लाइनवरील स्वयंचलित पहारा : इशारा, प्रतिसाद आणि मौन यांची चिकित्सा

संगणक प्रणालीवर लक्ष ठेवण्याचे काम माणसाने संगणकाकडेच सोपविले, त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. बेल प्रयोगशाळेतून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन हा कार्यक्रम होता. ठरलेल्या वेळी ठरलेला आदेश चालविणे एवढेच त्याचे काम. डिस्क किती भरली, वेब सर्व्हर उत्तर देतो की नाही, रात्रीची बॅकअप प्रत तयार झाली की नाही, अशा चौकश्या लहानशा स्क्रिप्टमध्ये लिहून क्रॉनच्या हवाली करण्याची पद्धत तेथून रुळली आणि आज महाविद्यालयांच्या ग्रंथालयापासून परीक्षा विभागापर्यंतचे सर्व्हर बहुधा याच पद्धतीने राखले जातात. या विषयावरील पाठ्यपुस्तके हे ‘कसे करावे’ ते सांगतात. बिघाड झाल्याचे ‘कोणाला कळावे’ हा प्रश्न मात्र त्यांत दुय्यम राहतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने विचार केला आहे.

प्रथम मौनाचा विचार करू. काम यशस्वी झाले तर कार्यक्रमाने काही बोलू नये, हा युनिक्स परंपरेतील एक मान्य संकेत आहे. माणूस पडद्यासमोर बसून आदेश देत असेल तेव्हा तो संकेत योग्यच ठरतो, कारण पुढच्या आदेशासाठी चिन्ह परत उमटणे हेच उत्तर असते. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ साली लिहिलेल्या क्रॉनने हाच संकेत पुढे नेला. स्क्रिप्टने काही छापले तर ते मालकाला टपालाने जाते, काहीच छापले नाही तर काहीच जात नाही. परंतु क्रॉनच्या पडद्यासमोर कोणीही बसलेले नसते. त्यामुळे सकाळी टपालपेटी रिकामी दिसली, तर तिचे किमान तीन अर्थ संभवतात : सर्व सुरळीत आहे, स्क्रिप्ट चाललीच नाही, अथवा स्क्रिप्ट ओरडली पण टपाल पोहोचले नाही. या तिहींमध्ये भेद करण्याचे कोणतेही साधन त्या रिकाम्या पेटीत नाही. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली सुरू झालेल्या प्रोमिथियसच्या वापरकर्त्यांनी यावर उलटा तोडगा रूढ केला. एक इशारा सतत वाजता ठेवायचा आणि तो थांबला की धोका समजायचा. लहान ठिकाणी इतकी यंत्रणा लागत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीने दुसऱ्या एखाद्या संगणकावर वेळेची नोंद करावी आणि ती नोंद शिळी झाली की त्या दुसऱ्याने कळवावे, एवढे पुरते.

आता प्रतिसादाकडे वळू, कारण खरा वाद तेथे आहे. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली नेटसेंट या नावाने प्रसिद्ध केलेली आणि २००२ साली नॅगिऑस झालेली प्रणाली या क्षेत्रातील प्रमाणग्रंथासारखी आहे. तपासणी करणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टने चारपैकी एक अंक परत द्यावा, असा तिचा नियम आहे : ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावधान, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात. यातील चौथ्या अंकाचे मोल मला विशेष वाटते. ‘मला सांगता येत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणण्याची सोय यंत्राला देणारे रचनाकार फार थोडे.

मात्र याच प्रणालीच्या मार्गदर्शिकेत बिघाडाला आपोआप प्रतिसाद देणाऱ्या स्क्रिप्टचा जो नमुना दिला आहे, तो वेगळ्याच वृत्तीचा आहे. वेब सर्व्हरची तपासणी लागोपाठ तीनदा फसली की तो सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. चौथी तपासणी यशस्वी झाली, तर बिघाड ‘कच्चा’ धरला जातो आणि जबाबदार व्यक्तीला निरोप जात नाही. नमुन्यातील टीपेत हे समाधानाने नमूद केले आहे. आपण दोष दूर केला, सबब कोणाला कळविण्याचे कारण उरले नाही, असा तिचा आशय आहे. माझा आक्षेप नेमका या कार्यकारणभावावर आहे. पुन्हा सुरू करणे आणि दुरुस्त करणे या दोन क्रिया भिन्न आहेत. घेरी येऊन पडलेल्या माणसाला उठवून उभे केले, म्हणजे त्याचे दुखणे बरे झाले असे वैद्य म्हणत नाही. नोंदवहीत या घटनेची ओळ उरू शकते, हे मान्य. पण कोणी वाचण्याची व्यवस्था नसलेली नोंद आणि न केलेली नोंद यांत व्यवहारतः फारसे अंतर राहत नाही.

यंत्रमागावर चादर आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापुरात हा भेद समजावणे अवघड नसावे. साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला, की त्याची चाचपणी करणारा एक काटा माग थांबवितो. उभ्या धाग्यावर लक्ष मात्र कामगाराच्या डोळ्यांनीच ठेवायचे असते. अमेरिकेत १८९० च्या दशकात आलेल्या नॉर्थ्रॉप मागाने धोट्यातील रिकामी कांडी माग चालू असतानाच बदलण्याची सोय केली. ही स्वयंचलित प्रतिसादाची जुनी आणि उत्तम जात होय. तिच्यामुळे एका कामगाराकडे अनेक माग देता आले, परंतु त्याबरोबरच उभा तुटलेला धागा त्याच्या नजरेतून सुटू लागण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकविण्याची योजना या मागाला जोडली गेली. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागातही धागा तुटल्यास थांबण्याची हीच शिस्त आहे. ज्याचे कारण ठाऊक आहे आणि जे अपेक्षितच आहे, ते यंत्राने परस्पर करावे : कांडी संपणारच असते. जे अपेक्षित नाही, तेथे थांबून माणसाला बोलवावे. वेब सर्व्हर कोसळणे हे कांडी संपण्यासारखे नसून धागा तुटण्यासारखे आहे.

२०१० साली आलेल्या सिस्टिमडीने हा प्रश्न मिटविला नाही, त्याला अधिक सूक्ष्म रूप दिले. कोसळलेली सेवा आपोआप उठविण्याची सोय तेथे एका ओळीत मिळते. मूळ मांडणीनुसार दहा सेकंदांत पाच वेळा सुरू झालेली सेवा पुन्हा सुरू करण्याची वेळ आली, की प्रणाली हात टेकते. अपयशाचा निरोप देणारी दुसरी सेवा जोडली असेल, तर ती बहुधा याच टप्प्यावर जागी होते. परिणामी जी सेवा सुरू होताक्षणी कोसळते तिची वार्ता मिळते, पण जी दर अर्ध्या तासाला कोसळते ती महिनोन्‌महिने निरोगी म्हणून वावरू शकते. किती वेळा उठवावे लागले याचा आकडा प्रणालीजवळ असतो. तो विचारणारी एक ओळ सकाळच्या क्रॉनमध्ये घालण्यास कसलाही खर्च नाही.

यावर असा प्रतिवाद होईल की, प्रत्येक बारीक घटनेसाठी मध्यरात्री माणूस उठवू लागलो तर तो चौथ्या दिवशी दूरध्वनी बंद करून झोपेल. हा प्रतिवाद वजनदार आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्यापूर्वीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन चालकांसमोर २७५ इशारे आले होते. इतक्या इशाऱ्यांत इशारा उरतच नाही. परंतु यातून निघतो तो निष्कर्ष ‘उठवू नये’ असा आहे, ‘सांगू नये’ असा नव्हे. रात्री परस्पर उठविलेल्या सेवेचा हिशेब सकाळी मिळाला, तर झोपही शाबूत राहते आणि माहितीही.

शिवाय स्वयंचलित प्रतिसाद नेहमी निरुपद्रवी असतो, हे गृहीतकही तपासावे लागेल. गिटहब या संकेतस्थळाच्या दोन केंद्रांमधील जाळे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवळ ४३ सेकंद तुटले. तेवढ्यात देखरेख करणाऱ्या आज्ञावलीने मुख्य विदागाराचा कारभार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर हलविला. दोन्हीकडे एकमेकांना ठाऊक नसलेल्या नोंदी शिल्लक राहिल्या आणि त्यांचा मेळ घालून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. आज्ञावलीने तिला दिलेल्या नियमांबाहेर काहीही केले नव्हते. नियम लिहिताना अशा खंडाची कल्पना कोणी पुरेशी केली नव्हती.

आपल्या प्रात्यक्षिक वर्गात डिस्क नव्वद टक्के भरताच टपाल धाडणारी स्क्रिप्ट हा नेहमीचा प्रयोग आहे. हुशार विद्यार्थी त्यात जुन्या नोंदवह्या पुसून जागा मोकळी करणारी ओळ स्वतःहून घालतो आणि आपण त्याला जास्त गुण देतो. डिस्क कशामुळे भरली हे ज्या नोंदवह्यांत सापडले असते, नेमक्या त्याच तो पुसतो, ही गोष्ट गुण देताना ध्यानात घेतली जात नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकाने विद्यार्थ्यादेखत क्रॉनची सेवा बंद करावी आणि ती बंद पडल्याचे आपणास केव्हा व कोणाकडून कळेल, एवढेच त्याला विचारून पाहावे.