सरासरी क्षेत्राचा अधिकार आणि चढउतारांचे स्थान

ब्राउनीय गतीचा जो सिद्धान्त आइन्स्टाइन (१९०५), स्मोलुकोव्स्की (१९०६) व लाँजव्हँ (१९०८) यांनी उभा केला, त्यातील प्रत्येक कण एकाकी आहे. द्रवाच्या रेणूंचे धक्के त्यास बसतात, द्रवाचे घर्षण त्यास रोखते. शेजारच्या कणाशी त्याचे देणेघेणे नसते. हेच कण परस्परांना दूरवरून ओढू लागले, म्हणजे प्रत्येकाचा संबंध सर्वांशी जडला, तर सिद्धान्ताचे स्वरूप पालटते. असंख्य कणांच्या ओढीची बेरीज जवळजवळ निश्चित असते; म्हणून एकेका कणाऐवजी सर्वांनी मिळून निर्माण केलेल्या सरासरी क्षेत्राचाच विचार करण्याचा प्रघात पडला. हा प्रघात कोठवर ग्राह्य धरावा, हा प्रश्न शावानिस व डेल्फिनी यांच्या २०१४ मधील निबंधात नेमकेपणाने मांडलेला आहे. त्या निबंधाचे मोल जाणताना त्याच्या निष्कर्षाची मर्यादा पाहणेही अगत्याचे ठरते.

निबंधातील प्रतिमान साधे आहे. परस्परांना गुरुत्वाकर्षणाने ओढणारे ब्राउनीय कण एका मितीच्या मर्यादित क्षेत्रात फिरत आहेत. क्षेत्र ठरविणाऱ्या पॉइसन समीकरणात सरासरी घनता वजा केलेली असल्यामुळे एकसमान वाटणी ही समतोलाची एक अवस्था ठरते. तापमान एका विशिष्ट मूल्याखाली उतरले की ही अवस्था टिकत नाही. मग दोन अवस्था संभवतात : कण मध्याशी गोळा होतात किंवा सीमेशी. सरासरी क्षेत्राच्या समीकरणाप्रमाणे कण एकदा मध्याशी जमले की ते कायमचे तेथेच राहावयास हवेत. परंतु कणसंख्या कितीही मोठी असली तरी ती सान्त असते. घनतेच्या समीकरणात यादृच्छिक पद ठेवले (असे समीकरण डीन यांनी १९९६ मध्ये काढून दाखविले होते), की समुदाय मध्याकडून सीमेकडे व पुन्हा मध्याकडे उडी घेऊ लागतो. दोन खळग्यांत झुलणाऱ्या एकाच कणाचा जो प्रश्न क्रामर्स यांनी १९४० मध्ये सोडविला, तोच येथे अवघ्या समुदायाच्या रूपाने अवतरतो.

निबंधाचे खरे मर्म पुढेच आहे. दोन अवस्थांमधील मुक्त ऊर्जेचा अडसर कणसंख्येच्या प्रमाणात वाढतो. म्हणून अवस्थेचे आयुष्य कणसंख्येच्या घातांकी प्रमाणात लांबते. उदाहरणार्थ, दर कणामागे हा अडसर औष्णिक ऊर्जेच्या एक दशांश असल्यास १०० कणांचा समुदाय आपल्या स्वाभाविक कालाच्या सुमारे २२ हजार पट काळ एका अवस्थेत टिकेल. कण १,००० झाले की हीच पट एकावर ४३ शून्ये मांडून होणाऱ्या संख्येलाही मागे टाकील. अल्पपल्ल्याच्या बलांचे असे नसते. बाष्पात कोठेतरी लहानसा थेंब जमला की तेथून बदल पसरू लागतो, आणि त्या थेंबाचा अडसर एकंदर बाष्पाच्या परिमाणावर अवलंबून नसतो. दूरगामी बलांच्या राज्यात असा स्थानिक आरंभ शक्य नाही. बदल व्हावयाचा तर तो सर्वांचा एकदम. म्हणूनच तेथील अर्धस्थायी अवस्था व्यवहारात स्थायी मानता येते. मात्र कण थोडे असतील किंवा तापमान क्रांतिक मूल्याच्या निकट असेल, तर अडसर खुजा होतो आणि सरासरीचा अधिकार संपतो.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप यादृच्छिक समीकरणाच्या अर्थाविषयी. डीन यांच्या समीकरणातील घनता ही वस्तुतः बिंदुरूप कणांची कंगोरेदार घनता आहे. तिला सलग व गुळगुळीत क्षेत्र मानावयाचे, तर काही एका लांबीवर सरासरी घ्यावी लागते. ही लांबी समीकरण स्वतः सांगत नाही. येथे निबंधकारांना श्रेय द्यावयास हवे : त्यांनी प्रत्येक कणाची लाँजव्हँ समीकरणेही स्वतंत्रपणे सोडविली आहेत. त्यामुळे उड्यांची साक्ष केवळ क्षेत्राच्या समीकरणावर विसंबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ‘गुरुत्वाकर्षी’ या विशेषणामुळे वाचकाचे मन सहजच ताऱ्यांच्या गुच्छाकडे वळते. पण ब्राउनीय कणांस तापमान बाहेरच्या द्रवाकडून मिळते. ताऱ्यांभोवती असा द्रव नाही. चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये ज्या गतिक घर्षणाचे गणित मांडले, ते घर्षण इतर ताऱ्यांपासूनच उद्भवते, आणि गुच्छाची एकूण ऊर्जा अबाधित राहते. हा भेद नाममात्र नाही. अँटोनोव्ह (१९६२) आणि लिंडेन-बेल व वुड (१९६८) यांच्या विवेचनावरून असे ठरते की, भिंतीत कोंडलेल्या समतापी गोलात केंद्र व कडा यांच्या घनतांचे गुणोत्तर, तापमान स्थिर धरल्यास, ३२.१ पर्यंतच वाढू शकते. ऊर्जा स्थिर धरल्यास तेच ७०९ पर्यंत जाते. या दोन मर्यादांच्या दरम्यान गोलाची विशिष्ट उष्णता ऋण असते : ऊर्जा गमावून तो अधिक तापतो. ज्या अवस्था एका समुच्चयात स्थिर, त्याच दुसऱ्यात कोसळणाऱ्या. तेव्हा एका समुच्चयातील आयुर्मान दुसऱ्यात उचलून नेता येणार नाही.

रासायनिक द्रव्याच्या ओढीने गोळा होणाऱ्या जिवाणूंना, म्हणजे केलर व सेगेल यांच्या १९७० मधील प्रतिमानाला, हा निबंध अधिक जवळचा आहे; निबंधकारांनीही तो संबंध दाखविला आहे. तेथे माध्यम खरोखरीच असते. तथापि रासायनिक द्रव्याचे क्षेत्र तत्क्षणी जुळून येते हे गृहीत तपासावयास हवे, कारण पसरावयास त्या द्रव्यालाही वेळ लागतो.

तात्पर्य, चढउतार लहान आहेत एवढ्यावरून ते त्याज्य ठरत नाहीत. ठरावीक कालावधीपुरते सरासरीचे समीकरण विश्वसनीय असते. समुदायाच्या अंतिम गतीविषयी त्याचा शब्द अखेरचा नव्हे. कणसंख्या अनंत करणे आणि काल अनंत करणे या दोन मर्यादांचा क्रम बदलला की उत्तर बदलते. अभ्यासकाने गणित आरंभण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावे : किती कण, आणि किती काळ? त्यांच्याच जोडीस तिसरा : तापमान कोण पुरवितो?